सुधारण्यापलीकडे

३ फेब्रुवारी, सोमवार

नाही लिहिणार. नाही म्हणजे नाही!

आज मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या अधीक्षिका. नाव मुलींनी ठेवलेलं, आता आम्हीही तेच वापरतो. त्यांनी चहा मागवला. त्यांनी स्वतःहून चहा मागवला की काहीतरी गळ्यात मारायचं असतं, हे एवढ्या वर्षांत मला कळलंय. चहा आला आणि मागोमाग काम आलं. घुमीचा मानसशास्त्रीय अहवाल. सुनावणीच्या आधी हवा. ‘आणि शेवटचं वाक्य स्पष्ट असू दे — मुलगी सुधारण्यापलीकडे गेलेली आहे. वर तुम्हाला काय मानसशास्त्र घालायचं ते घाला.’

वर काय घालायचं ते घाला! जसं काही मी केकवर क्रीम लावायला बसलेय.

घुमी सोळा वर्षांची आहे. गुन्हा केलेल्या मुलींच्या या आमच्या बंद गृहात येऊन तिला वर्ष होत आलं. काकाच्या गोदामाला आग लावली. काका आत झोपला होता, तो गेला. पहिल्या दिवशी पोलिसांना एवढंच म्हणाली, ‘आत कुणी आहे हे माहीत नव्हतं.’ त्यानंतर तोंडात मिठाची गुळणी. म्हणून घुमी. मागच्या आठवड्यात तिने शिट्टी मावशींच्या, म्हणजे सदा गळ्यात शिट्टी असलेल्या आमच्या जुन्या पहारेकरणीच्या, हातावर स्टूल हाणलं. मावशींचं मनगट मोडलं. आता तिला मोठ्या बायकांच्या तुरुंगात पाठवायचं चाललंय, आणि त्यासाठी बाल न्याय मंडळाला माझी सही लागते.

मी विचारलं, ‘मॅडम, स्टूल का हाणलं हे कुणी विचारलं तिला?’

‘ती बोलते कुठे?’

‘म्हणजे विचारलं नाही.’

त्यांच्या कपाळावर आठी. माझा चहा तसाच राहिला.

४ फेब्रुवारी

घुमी ‘शांत खोली’त आहे. काय पण नाव! कुणा शहाण्याने ठेवलं देव जाणे. शांतता सोडून तिथे सगळं ऐकू येतं. स्वयंपाकघरातली भांडी, पाण्याची मोटर, शेजारच्या संडासाची टाकी. खिडकी नाही, वर एक झरोका. जमिनीवर गादी. लोखंडी दाराला कमरेच्या उंचीवर एक चौकोनी फट, ताट आत सरकवण्यापुरती. नियम सांगतो की एका दिवसाहून जास्त कुणाला तिथे ठेवायचं नाही. स्टूलचा प्रकार झाल्यापासून ती तिथेच आहे.

फटीतून बोलले. वाकून वाकून कंबर मोडली.

‘मी आलेय गं.’ — पाठ.

‘मावशी बऱ्या आहेत.’ — पाठ.

‘तुझ्याबद्दल एक वाक्य लिहायला सांगितलंय. मी लिहिणार नाहीये.’ — पाठ जराशी हलली. का मलाच तसं वाटलं?

दाराबाहेरची नवी पहारेकरीण मला हळूच म्हणाली, ‘मॅडम, कशाला घसा कोरडा करताय, ती भिंत आहे भिंत.’ मी म्हटलं, भिंतीशी बोलायचाच पगार घेते मी.

५ फेब्रुवारी

पाठच. पण आज गादी दाराजवळ ओढलेली होती.

६ फेब्रुवारी

सगळं चिमणीकडून कळलं. आणि अजून माझे कान तापलेले आहेत.

चिमणी आमच्याकडची सगळ्यात लहान. दुकानातून मोबाइल उचलला म्हणून आत आली. तोंड एक क्षण बंद नसतं. आज माझ्या खोलीत आली, खुर्चीवर मांडी घातली, आणि बडबड करता करता एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘मॅडम, घुमीताई माझ्यामुळे आत आहे.’

 अशा वेळी तोंड मिटून बसणं हेच अर्धं काम असतं.

‘मी अंथरूण ओलं केलं होतं. परत. शिट्टी मावशी म्हणाल्या, चल शांत खोलीत, म्हणजे अक्कल येईल. मी जात नव्हते. दाराची चौकट धरली. मावशी एकेक बोट सोडवायला लागल्या. दुखत होतं मॅडम. मग घुमीताई उठली.’

‘उठली आणि स्टूल मारलं?’

‘नाही! आधी म्हणाली — सोड तिला.’

‘घुमी? बोलली?’

‘हो. परत एकदा म्हणाली. मोठ्याने. मावशींनी बघितलंसुद्धा नाही. मग स्टूल घेतलं.’

वर्षभर ज्या पोरीने अक्षर काढलं नाही, ती बोलली. एकदा नाही, दोनदा! आणि जिने ऐकायचं तिने ऐकलं नाही. हे कुठल्याच कागदावर नाही. कागदावर काय आहे? ‘कर्मचाऱ्यावर विनाकारण हल्ला.’ विनाकारण!

घरी येऊन आईला सांगितलं. एका कानाने तिला ऐकू येत नाही, त्यामुळे सांगायचं म्हणजे ओरडायचं. शेजाऱ्यांनाही कळलं असेल. आई म्हणाली, ‘मी तिथे असते तर मीही मारलं असतं. पण स्टूल नको, लाकडी असतं, फार लागतं.’

७ फेब्रुवारी

मोठ्या मॅडमशी जुंपली.

मी चिमणीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं — हो, ते नाकारता येणार नाही. मग शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही पाचला घरी जाता. मी इथेच राहते, मागच्या क्वार्टरमध्ये. चाळीसच्या वर मुली आणि एका पाळीला दोन बायका. मागच्या वर्षी एकीने काच चावली, तेव्हा तिचा जबडा कुणी उघडला? हे बघा.’ बोटं पुढे केली. दोन बोटांवर पांढरे व्रण. ‘त्या मुलीला मी शांत खोलीत ठेवलं म्हणून ती आज जिवंत आहे. तुम्ही येता, खुर्चीत बसता, “तुला कसं वाटतं” विचारता. मला विचारलंत कधी?’

 उत्तर जिना उतरताना सुचलं, नेहमीसारखं.

उत्तर असं: तुमच्याकडे माणसं कमी आहेत म्हणून भांडा. माणसं मागा. मी तुमच्याबरोबर येते, वरच्या ऑफिसच्या दारात बसू दोघी. पण माणसांची कमी एका पोरीला खोलीत कोंडून भरून काढायची? ते नाही चालणार. माझ्यापुरतं तरी नाही.

आणि हो, त्यांना कधी विचारलं नाही हे खरं आहे. तेही इथे लिहून ठेवते. पण त्याने घुमी दोषी ठरत नाही!

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मी काय केलं ते लिहिताना मलाच हसू येतंय. 

दुपारी खोली झाडायला नवी पहारेकरीण दार उघडत होती. मी तिच्या मागून आत गेले, गादीशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, ‘लाव दार.’

‘मॅडम, काय करताय? या ना बाहेर. मला बोलणी बसतील.’

‘तू नियम पाळ. दार उघडं ठेवायचं नाही ना? लाव मग.’

बिचारीने लावलं.

कोंडलेल्या माणसाच्या मनावर मी परीक्षा दिल्यात. शिकवलंय सुद्धा. पण कडी बाहेरून सरकते तो आवाज कानात नाही, पोटात ऐकू येतो. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. हवा तीच, पण छातीत पुरेना. मी पायाची बोटं हलवत बसले. घुमी भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदा तोंड माझ्याकडे! नाकावर तीळ आहे तिच्या. वर्षभरात मला दिसला नव्हता.

 मग एक घोगरा आवाज, बिजागरीला तेल न दिल्यासारखा: ‘तुम्हाला घरी नाही जायचं?’

मी उडालेच. पण चेहरा सरळ ठेवला. ‘जायचंय की. पाचला.’

‘दार बंद आहे.’

‘तुझं उघडलं की माझंही उघडेल.’

 मग म्हणाली, ‘वेड्या आहात.’

घ्या! सगळ्यांची निदानं मी करायची, माझं हिने एका शब्दात केलं.

तेवढ्यात फटीत मोठ्या मॅडमचे डोळे. ‘हा काय पोरखेळ लावलाय? बाहेर या.’

‘दोघी येऊ.’

‘मी वर कळवीन.’

‘कळवा मॅडम. इथे किती दिवस कोण आहे तेही कळवा.’

डोळे गेले. आणि मग मला लघवीला लागली. लढा पुकारताना हा विचार कुणी करत नाही! मी चुळबुळ करायला लागले. घुमीने कोपऱ्याकडे बोट केलं. बादली. झाकण म्हणून वर पुठ्ठा. इतके दिवस मी फटीशी वाकत होते, समजावत होते, आणि ही पोर जाते कुठे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

‘मी तिकडे बघते,’ ती म्हणाली, आणि पाठ फिरवली. आजवर ती पाठ बघून मला राग यायचा. आज ती माझ्यासाठी फिरली होती.

ऊन झरोक्यातून उतरायच्या आत दार उघडलं. मोठ्या मॅडम स्वतः आल्या होत्या, किल्ली हातात.  घुमी उठली आणि माझ्या पुढून चालत बाहेर गेली. व्हरांड्यात थांबली, उजेडात डोळे मिचकावले. चिमणीने मिठी मारली तेव्हा घुमीचे हात तसेच लोंबत होते. मग एक हात वर आला.

१२ फेब्रुवारी

‘कारणे दाखवा’ नोटीस. कर्तव्यात कसूर, शिस्तभंग, संस्थेच्या कामकाजात अडथळा. आईने चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, ‘कारणे दाखवा काय? भरपूर आहेत की, दाखव!’

मग दोन मिनिटांनी, भाजी निवडता निवडता, मान वर न करता: ‘नोकरी जाईल का गं?’

‘जाईलही.’

‘बरं.’ एवढंच. मग रेडिओचा आवाज वाढवला. घाबरली की ती तसं करते.

१७ फेब्रुवारी

घुमी माझ्याकडे येते. स्वतःहून. बोलणं थेंब थेंब. आज पत्ते खेळलो. ती लबाडी करते आणि पकडलं की गालातल्या गालात हसते. मी म्हणाले, ‘चोरटी आहेस.’ तर म्हणते, ‘चोर नाही. मी वेगळ्या कलमात आहे.’

कलमं पाठ आहेत पोरींना. पाढे नाहीत येत, कलमं येतात!

गोदामाचं विचारलं. पत्ते गोळा करत म्हणाली, ‘फाइलमध्ये आहे ना.’ मी सोडून दिलं. घाई करून बंद झालेली दारं मी पुष्कळ बघितलीयेत.

काकाचं मात्र थोडं बोलली. बाप वारल्यावर काकाने आईला आणि तिला घरात ठेवलं. ‘ठेवलं’ हा शब्द तिने असा काही उच्चारला की मी पुढचं विचारलंच नाही. आई आता कुठे आहे? खांदे उडवले.

२० फेब्रुवारी

अहवाल दिला. मोठ्या मॅडमना हवं होतं ते शेवटचं वाक्य नाही. त्याऐवजी हे: ‘सोळा वर्षांची कोणतीही मुलगी सुधारण्यापलीकडे असते, असं सांगणारं शास्त्र मला शिकवलेलं नाही.’ दादाने फोनवर ऐकलं आणि डोक्याला हात लावला असणार, कारण तसा आवाज आला. ‘अगं, मंडळापुढे असं लिहितात का? सौम्य कर.’ दादा वकील आहे. त्याला सगळं सौम्य लागतं.

नाही केलं.

२४ फेब्रुवारी

उद्या सुनावणी. शिट्टी मावशी गेटवर भेटल्या, हात गळ्यात बांधलेला. माझ्याकडे बघून मान वळवली. त्या बोलणार माझ्याविरुद्ध. बोलू देत!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जिंकलो!! अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

मंडळाच्या अध्यक्षबाई मधे, चष्मा कपाळावर. दोन सदस्य आजूबाजूला, त्यातले एक सारखे घड्याळ बघणारे. घुमी बाकावर, हात गुडघ्यांत दाबून.

मोठ्या मॅडम पहिल्या बोलल्या. खोटं बोलल्या नाहीत, पण खरं अशा ओळीने मांडलं की ते खोटं व्हावं. हल्ला, मोडलेलं मनगट, आग, मेलेला काका. ‘इतर मुलींच्या सुरक्षिततेसाठी.’

मग मी. नियम वाचून दाखवला. किती दिवस कोंडलं ते सांगितलं. बादलीचं सांगितलं — घड्याळवाल्या सदस्यांनी पहिल्यांदा मान वर केली. चिमणीचं सांगितलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही हिच्या बाजूने उभ्या आहात हे दिसतंय. पण एक सांगा. गोदामात माणूस आहे हे हिला माहीत होतं की नाही?’

‘नव्हतं.’

‘तुम्हाला कसं कळलं?’

‘मॅडम, ही पोर खोटं बोलायला तोंड उघडत नाही. खरं बोलायलाही मोठ्या मुश्किलीने उघडते.’

खोलीत जरा हसू पसरलं. मलाही माझं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू! घुमी मात्र खाली बघत होती.

मग शिट्टी मावशींना उभं केलं. मी दात आवळले. मावशी प्लास्टरवर हात फिरवत राहिल्या, आणि म्हणाल्या, ‘पोरीने दोनदा सांगितलं होतं. सोड म्हणून. मी नाही ऐकलं.’

मोठ्या मॅडम एकदम वळल्या. अध्यक्षबाईंनी विचारलं, ‘का नाही ऐकलं?’

‘मला वाटलं दुसरीच कुणीतरी बोलतेय. हिचा आवाज कुणी ऐकलाय इथे?’ मग, ‘लहानगीची बोटं मी जोरात ओढली. माझ्या नातीएवढी आहे ती. त्या दिवशी माझी सलग दुसरी पाळी होती. सांगायचं राहून गेलं तेव्हा.’

निर्णय: घुमी इथेच राहणार. माझ्याकडे नियमित यायचं. शांत खोली बंद. मंडळ पाळीला आणखी दोन माणसं मागणार — हे ऐकून मोठ्या मॅडमनी डोळे मिटले, मी बघितलं. मला लेखी ताकीद. असू दे! फ्रेम करून लावीन.

बाहेर मावशींना म्हणाले, ‘मावशी, मी तुमच्याबद्दल चुकीचं धरून चालले होते.’ त्या म्हणाल्या, ‘मी पण तुमच्याबद्दल.’ आणि शिट्टी वाजवून सुनावणीला आणलेल्या पोरींना गाडीत बसायला लावलं.

आईने आज रेडिओ बंद करून सगळं ऐकलं. दोनदा.

३ मार्च

शांत खोलीचं दार काढलं. दोन कामगार, एक मोठा स्क्रू काही केल्या निघेना, तर मोठ्या मॅडमनी स्वतः तेलाची बाटली आणून दिली. मी उभी होते. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘आता एखादीने काच चावली तर तुम्हाला फोन करीन. रात्री-बेरात्री.’

‘करा. येईन.’

‘बघू.’

मग जाताना, पाठमोऱ्याच: ‘चहा घ्यायचा तर या.’ गेले. प्यायले. काम काहीच नव्हतं!

६ मार्च

घुमी ठरलेल्या वेळेच्या आधी आली. पत्ते पुढे केले, तिने बाजूला सारले.

‘तुम्ही तिथे म्हणालात ना, मी खोटं बोलत नाही.’

‘हं.’

‘मला माहीत होतं. काका आत होता ते. त्याची चप्पल दाराबाहेर होती.’ श्वास घेतला. ‘मी ती आधी बाजूला ठेवली. नवीन होती. मग काडी ओढली.’

बाहेर पुढची मुलगी दार वाजवत होती. मी तिला नंतर ये म्हणून सांगितलं. परत येऊन बसेपर्यंत घुमी उभी राहिली होती, निघायच्या तयारीत. ‘आता पाठवाल ना मला?’

 मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

‘बस,’ म्हणाले. ‘पहिल्यापासून सांग.’

ती बसली.